तांदळातला सोंडा, तुरीतला भुंगा, पिठातला तांबडा किडा: हे सगळे एकाच जातीचे का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तांदळात सोंडे झाले, त्याच कपाटातल्या अख्ख्या तुरीत बुटके भुंगे निघाले आणि पिठाच्या डब्यात तांबडे किडे फिरताना दिसले, तर हे सगळे एकच का? एका डब्यातून दुसऱ्यात गेले का? आणि तांदूळ चाळून, ऊन दाखवून ठेवला तरी महिन्याभरात पुन्हा सोंडे कसे होतात?

आधी थेट उत्तर देतो. तिघेही भुंगेरे आहेत, पण तीन वेगळ्या कुळांतले. तुरीतला भुंगा तांदळात वाढूच शकत नाही, त्यामुळे तुरीमुळे तांदूळ किडला ही शंका सोडून द्या. पिठातला तांबडा मात्र सोंड्यांच्या मागोमाग तांदळात येऊ शकतो. आणि ऊन दाखवूनही सोंडे परत दिसतात, कारण चाळणीतून पडतात ते फक्त मोठे झालेले किडे. त्यांची पुढची पिढी दाण्याच्या पोटात असते. कोणता भुंगेरा अंडं कुठे घालतो आणि अळी कुठे वाढते यावर उपाय ठरतो, आणि ही माहिती कुळ ओळखलं की आपोआप मिळते. म्हणून वर्गीकरण जरा सविस्तर सांगतो.

भुंगेऱ्यांचा गण म्हणजे कोलिऑप्टेरा. वर्णन झालेल्या त्याच्या जाती चार लाखांच्या आसपास आहेत. कीटकांचा एवढा मोठा दुसरा गण नाही. ओळख सोपी: पुढचे दोन पंख कडक होऊन झाकणं बनलेली असतात आणि पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात. उडायचे पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. अंडं, अळी, कोष आणि प्रौढ अशा चारही अवस्था असतात. तोंड चावणारं असतं. शेतातल्या ढेकण्यांना लोक कधीकधी भुंगे समजतात. ढेकण्यांचे पंख एकमेकांवर चढतात, आणि चोच फक्त रस शोषायची असते.

या गणात सोंडवाल्यांचा अधिकुल (म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट) वेगळा आहे, कर्क्युलिओनॉयडिया. एकट्या या गटात साठ हजारांवर जाती आहेत. सोंड म्हणजे पुढे लांबलेलं डोकंच. भिंगाखाली तांदळातला सोंडा धरलात तर सोंडेच्या अगदी टोकाला दोन बारीक जबडे दिसतील. मिशा सोंडेवरूनच फुटतात आणि बहुतेक सोंड्यांमध्ये त्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात: पहिलं कांडं लांब, मग एकदम वळण, मग आखूड कांडी आणि शेवटी गाठ. सोंडेच्या बाजूला एक खाच असते. मादी दाणा पोखरते तेव्हा ते लांब कांडं या खाचेत बसतं, म्हणून मिशा आड येत नाहीत. सोंड खाण्यापुरती नाही, ते अंडी घालण्याचं हत्यार आहे. एवढ्या जाती झाल्या त्याचं एक मोठं कारण मी हेच मानतो. झाडाच्या ज्या भागात दुसऱ्या किड्याला शिरता येत नाही (कोय, कळी, खोडाचा गाभा, कडक दाणा) तिथे सोंड्याची मादी भोक पाडून अंडं ठेवते.

आता भावकीचं बोलू. तांदळातला सोंडा, सिटोफिलस ओरायझी, जेमतेम ३ मिमीचा. नारळाच्या खोडात शिरून माड मारणारा तांबडा सोंड्या, रिंकोफोरस फेरुजिनियस, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. दिसायला काही संबंध वाटत नाही, पण दोघं एकाच उपकुळातले आहेत, ड्रायोफ्थोरिनी. केळीच्या कंदातला सोंड्या आणि केळीच्या बुंध्यातला सोंड्याही याच उपकुळातले. यजमान बघा: भात, मका, माड, केळ. सगळ्या एकदलिकित, म्हणजे बीत एकच दल असलेल्या वनस्पती. हे उपकुळ मुख्यतः एकदलिकितांवर वाढलेलं आहे, म्हणूनच गव्हा-तांदळात सोंडा होतो आणि तुरी-हरभऱ्याचा पिढीजात शत्रू दुसराच निघतो. अपवाद आहेत. चिंचोक्यात होणारा सिटोफिलस लिनिॲरिस हा तांदळातल्या सोंड्याचा सख्खा भाऊ, आणि चिंच तर शेंगवर्गातली.

तुरीतला भुंगा कॅलोसोब्रुकस प्रजातीचा. इंग्रजी पुस्तकांत आणि दुकानदारांच्या बोलण्यात त्यालाही सोंडा म्हणतात, पण त्याला सोंड नाही. पूर्वी त्याचं स्वतंत्र कुळ मानत. आता तो क्रायसोमेलिडी, म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळात, ब्रुकिनी या उपकुळात धरला जातो. गाजरगवत फस्त करण्यासाठी १९८०च्या दशकात भारतात आणलेला मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा, याच कुळातला. क्रायसोमेलिडी आणि सोंड्यांचं नातं चुलत म्हणावं इतकं जवळचं आहे. पिठातला तांबडा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हा टेनेब्रिओनिडी कुळातला, या दोघांपासून बराच लांबचा.

आता तांदळातल्या सोंड्याचं आयुष्य. कुणी त्याला टोका म्हणतं, कुणी पोरकिडा. रंग काळपट तपकिरी, पाठीवरच्या दोन झाकणांवर मिळून चार फिकट तांबूस ठिपके, छातीच्या पाठीवर गोल खळगे. मादी सोंडेने दाण्यात बारीक भोक पाडते, वळून त्यात एक अंडं घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाची बुच लावून भोक बंद करते. बुच दाण्याच्या रंगाची आणि पृष्ठभागाशी सपाट असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. प्रयोगशाळेत आम्ल फुक्सिन या रंगद्रव्याच्या द्रावणात दाणे बुडवून धुतात; मग या बुचा लालभडक दिसतात. आयुष्यभरात एक मादी ३०० ते ४०० अंडी घालू शकते.

अळी पांढरी, गुबगुबीत, पाय नसलेली. चार वेळा अवस्था बदलून ती दाण्यातच कोष करते आणि प्रौढ दाणा कुरतडून बाहेर येतो. बाहेर पडलेल्या भोकाच्या कडा वेड्यावाकड्या असतात. २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण ३५ दिवस लागतात. तुमचा ‘महिन्याभरात पुन्हा’ हा हिशेब इथेच बसतो: चाळलं त्या दिवशी जी अंडी आणि बारीक अळ्या दाण्यात होत्या, त्याच पाच आठवड्यांत सोंडे होऊन बाहेर आल्या. प्रौढ मग चार-पाच महिने सहज जगतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोंड्याच्या शरीरात एक जिवाणू राहतो, सोडालिस पियेरँटोनियस, आणि तो आईकडून अंड्यामार्फत पुढच्या पिढीत जातो. तांदळाच्या दाण्यात पिष्ट भरपूर, पण पाठीचं कवच कडक आणि काळं व्हायला लागणारी काही अमिनो आम्लं कमी. ती हा जिवाणू तयार करून देतो. कोषातून नुकता निघालेला सोंडा फिकट तांबूस असतो, पुढच्या काही दिवसांत त्याचं कवच गडद होतं, आणि ते काम संपलं की सोंडा आपल्या आतड्याजवळचे हे जिवाणू स्वतःच पचवून संपवतो. बीजांडकोशाजवळचे तेवढे राखतो, पुढच्या पिढीसाठी.

आता ऊन का फसतं ते. तांदूळ चादरीवर पसरला की मोठे सोंडे गरम लागताच चालत सावलीला जातात. तुम्हाला वाटतं गेले. पण आतली अळी मरायला दाण्याचं स्वतःचं तापमान ५० अंशांच्या वर काही काळ राहावं लागतं, आणि पांढऱ्या चादरीवर जाड थर दिला तर ते होत नाही. शिवाय तांदूळ कडक उन्हात फार वेळ ठेवला तर दाण्याला भेगा पडून कणी वाढते. म्हणून तांदळाला मी ऊन सुचवत नाही. गहू, ज्वारी आणि कडधान्याला सुचवतो. ते करताना थर पातळ ठेवा, खाली काळं प्लास्टिक आणि वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबा, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारभर ठेवा, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम धान्य भरलंत तर झाकणाखाली पाणी धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

तांदळासाठी घरच्या घरी खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीजर. किलोकिलोच्या पिशव्या चपट्या करून, हवा काढून, उणे १८ अंशांना सात दिवस ठेवा. एकच मोठी पिशवी ठेवली तर मधला भाग उशिरा गार होतो, आणि नेमक्या तिथल्या अळ्या वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची दमट हवा गार दाण्यावर पाणी धरते. नुसत्या फ्रीजमध्ये, म्हणजे चार-पाच अंशांना, वाढ थांबते पण सोंडे लगेच मरत नाहीत. बाहेर काढलं की पुन्हा सुरू.

साठवण जास्त असेल तर हवाबंद डबा, पण तो काठोकाठ भरलेला हवा. आतल्या किड्यांनीच ऑक्सिजन वापरून संपवला की ते मरतात. अर्धा रिकामा डबा किंवा रोज उघडला जाणारा डबा हे काम करत नाही. म्हणून वर्षाचा तांदूळ एका पिंपात न ठेवता महिन्या-महिन्याच्या डब्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच डबा उघडा. दाण्यातली ओल १२ टक्क्यांच्या खाली असली की सोंड्यांची वाढ मंदावते, १० च्या खाली जवळपास थांबते. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये उघडा दाणा हवेतूनच ओल ओढतो, त्यामुळे मेमध्ये कोरडा ठोक असलेला तांदूळ गणपतीपर्यंत किडतो. सालासकट भात ठेवण्याची कणगीची पद्धत इथे शहाणपणाची होती: टरफल अखंड असेल तर सोंड्याची मादी आत पोचत नाही.

आता तूर. इथे अंडं बाहेर असतं, आणि हा फरक सोन्यासारखा आहे. भिंग घेऊन तुरीचा किंवा चवळीचा दाणा फिरवून बघा. साबुदाण्याच्या बारीक कणासारखे, सपाट तळाचे पांढरे ठिपके चिकटलेले दिसतील, तीच अंडी. पारदर्शक ठिपका म्हणजे ताजं किंवा न फुटलेलं अंडं. दुधी पांढरा ठिपका म्हणजे अळी तळातून थेट दाण्यात शिरली आणि मागे तिचा भुसा अंड्याच्या टरफलात भरला. पुढे दाण्यावर एक गोल, जरा काळसर खिडकी दिसू लागते: अळीने आतून पापुद्र्याएवढी साल ठेवून जागा पोखरली आहे. तिथूनच प्रौढ नीट गोल झाकण ढकलून बाहेर येतो. सोंड्याचं भोक वेडंवाकडं, याचं कंपासने काढल्यासारखं. दाण्यातली अळी हिचीही जवळपास बिनपायाची झालेली असते. ते नात्यामुळे नाही. अन्नातच राहणाऱ्याला पायांचं काम उरत नाही.

प्रौढ भुंगा दाणे खात नाही, दहा-बारा दिवस जगतो, मीलन आणि अंडी एवढंच. पिढी महिन्याच्या आत पूर्ण होते. लागण बहुतेक वेळा शेतातच, शेंगा पक्व होताना सुरू होते. म्हणजे दुकानातून आणलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या तुरीतही अंडी असू शकतात. कॅलोसोब्रुकस चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात. त्याचा भाऊ मॅक्युलेटस याच्या करवतीसारख्या.

अंडं बाहेर असल्यामुळे तेल चालतं. एक किलो अख्ख्या कडधान्याला ५ मिली खाद्यतेल, म्हणजे चहाचा एक चमचा. परातीत थोडं थोडं घालून दोन्ही हातांनी चोळा, प्रत्येक दाण्याला तकाकी येईपर्यंत. तेल अंड्याला श्वास घेऊ देत नाही. जास्त तेल ओतून फायदा नाही, खवट वास तेवढा येतो. बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरीलाही या प्रमाणात चालतं. तेल चोळायचं ते धान्य भरतानाच, पावसाळ्यात भुंगे दिसल्यावर नाही, कारण आत शिरलेल्या अळीला तेल काही करत नाही. तांदळाला एरंडेल लावण्याची आपल्याकडची रीत मोठ्या सोंड्यांना अडवते, पण बुचेखालच्या अंड्यावर ती तुरीइतकी नेमकी बसत नाही. आणखी एक: अख्ख्या तुरीपेक्षा डाळीत हा भुंगा फारच कमी होतो, म्हणून तूर लवकर भरडून डाळ करून ठेवणं हा उत्तम बंदोबस्त आहे.

पिठातला तांबडा अख्ख्या, धड दाण्यावर हल्ला करू शकत नाही. त्याला पीठ, रवा, कणी किंवा सोंड्यांनी पोखरलेला दाणा लागतो. म्हणून तांदळात तांबडे दिसले तर आधी सोंडे होऊन गेलेत, असं समजा. अंडी चिकट असतात, पिठात मिसळून जातात. अळी पिवळसर, सहा पायांची, शेपटीकडे दोन बारीक टोकं. प्रौढ वर्षभर आणि त्याहूनही जास्त जगतो. याच्या अंगातून क्विनोन नावाची रसायनं सुटतात, त्यामुळे पिठाला गुलाबी झाक आणि उग्र वास येतो. असं पीठ चाळून वापरू नका, टाकून द्या. दोन-चार सोंडे निघालेला तांदूळ मात्र निवडून, धुऊन खायला हरकत नाही.

पिठाचा डबा नुसता पुसून भागत नाही. झाकणाच्या आट्यांत, कपाटाच्या सांध्यांत, गिरणीच्या पिशवीच्या शिवणीत पीठ साचतं आणि नवी लागण तिथूनच होते. डबा गरम पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, आणि जुन्या पिठावर नवं पीठ कधीही ओतू नका.

आणखी तीन भुंगेरे तुमच्या कपाटात सापडू शकतात. रायझोपर्था डॉमिनिका: नळकांड्यासारखा, डोकं छातीखाली वाकलेलं, वरून दिसतच नाही, गव्हात पिठासारखा भुसा खूप पडलेला असेल तर हाच. ओरायझेफिलस सुरिनामेन्सिस: चपटा, छातीच्या प्रत्येक कडेला सहा दाते, शेवया, बेदाणे, सुकामेवा. आणि खपरा, ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम: केसाळ तपकिरी अळ्या पोत्याच्या आणि भिंतीच्या फटीत. खपऱ्याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं सुप्त राहू शकते, म्हणून अनेक देश धान्याच्या आयातीत त्याच्यावर कडक नजर ठेवतात. पातळ जाळी धरलेली दिसली तर मात्र तो भुंगेरा नव्हे, पतंगाची अळी.

औषधांबद्दल कळकळीने सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद घरात माणसं दगावतात. ते काम फक्त प्रशिक्षित, परवानाधारक माणसांचं आणि गोदामातलं. पाऱ्याच्या गोळ्या खायच्या धान्यात ठेवू नका, बोरिक पावडरही टाळा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला घाला. तो प्रौढांना काही प्रमाणात दूर ठेवतो, आतली अळी मारत नाही. ओला पाला घातला तर दाण्याची ओल वाढून उलट सोय होते.

माड असलेल्यांसाठी दोन ओळी, कारण तिथेही हीच गल्लत होते. गेंड्या भुंगा, ऑरिक्टीस ऱ्हायनोसेरॉस, याला डोक्यावर शिंग असतं, सोंड नसते. त्याची सहापायी अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते आणि माडाचं नुकसान प्रौढ करतो. उमललेल्या झावळीवर व्ही आकाराचे काप दिसतात. तांबड्या सोंड्याचं नेमकं उलट: बिनपायाची अळी खोडाचा गाभा खाते, भोकातून तांबूस चिकट रस आणि चावलेला तंतू बाहेर येतो. सोंड्याची मादी जखमेत अंडी घालते, आणि ती जखम बरेचदा गेंड्याने केलेली असते. म्हणून आधी गेंड्या रोखा: लहान माडाच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत डांबराच्या तीन गोळ्या ठेवून वर वाळू घाला, दर ४५ दिवसांनी पुन्हा. झावळी खोडाला लागून छाटू नका, मीटरभर देठ ठेवा.

सोंड हीच खूण धरून बसलात तर कधीकधी फसाल. साल पोखरणारे बारीक भुंगेरे, कॉफीच्या फळातला हायपोथेनेमस हॅम्पेई त्यातलाच, हे खरे सोंडे असून त्यांना सोंड जवळपास नाही. रताळ्यातला सायलास फॉर्मिकॅरियस याला सोंड आहे, पण मिशा सरळ आहेत आणि कुळ वेगळं, ब्रेंटिडी. आंब्याच्या कोयीतला सोंडा, स्टर्नोकीटस मँजिफेरी, फळ कोवळं असताना सालीवर अंडं घालतो. अळी कोयीत जाते, तिचा मार्ग फळ वाढताना भरून येतो आणि कापेपर्यंत बाहेरून पत्ता लागत नाही. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्याला किमान ४०० ग्रे (विकिरण मोजायचं एकक) विकिरण द्यावं लागतं, त्यामागच्या किडींत हा एक आहे. लासलगावच्या विकिरण केंद्राचं नाव तुम्ही यासाठीच ऐकलं असेल.

स्वतः ओळखायचं असेल तर किडे दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, पांढऱ्या कागदावर घ्या आणि दहापट भिंगाने क्रमाने बघा: सोंड आहे का, मिशा वाकलेल्या की सरळ, शेवटची कांडी एकदम जाड होतात की हळूहळू, डोकं वरून दिसतं का, छातीच्या कडेला दाते आहेत का, झाकणं शेपटीपर्यंत पोचतात का. तुरीच्या भुंग्याची झाकणं आखूड असतात, शेपटीचं टोक उघडं राहतं. पिठातल्या तांबड्याच्या मिशांची शेवटची तीन कांडी एकदम जाड असतात. तांदळातला सोंडा आणि मक्यातला सिटोफिलस झीमेइस हे मात्र बाहेरून सांगता येत नाहीत. नराचं जननांग सोडवून बघावं लागतं: ओरायझीचं वरून गुळगुळीत, झीमेइसच्या वर दोन लांबट खोबणी. तेवढं हवं असेल तर दहा-पंधरा प्रौढ आणि काही किडके दाणे ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घाला, पेन्सिलने तारीख, गाव आणि धान्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका (शाईचं अक्षर अल्कोहोलमध्ये पसरतं) आणि जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात न्या.